वर्गणीतून छापलेले शास्त्र : जोसिआ विलर्ड गिब्ज

आपल्या मंडळाचा वार्षिक अंक निघायच्या दोन महिने आधीपासून आमची वर्गणीची फेरी सुरू होते. दांडिया बाजार, रावपुरा, ओळखीची दुकाने, ओळखीची घरे. अंकात काय छापले जाणार आहे हे पैसे देणारे सहसा विचारत नाहीत. मागायला आलेला माणूस ओळखीचा आहे, एवढे त्यांना पुरते. अशीच एक वर्गणी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात गोळा झाली होती. तीही तिथल्या मंडळाच्या अंकासाठीच. त्या अंकात जे छापले गेले ते गावात कोणालाच नीट कळले नव्हते. आज मात्र आपल्या स्वयंपाकघरातली दुधाची पिशवी किती अंशांना वितळेल हे सांगताना शास्त्रज्ञ त्याच लेखाचा आधार घेतात. त्या लेखाचे कर्ते जोसिआ विलर्ड गिब्ज यांचे चरित्र या वेळी सभासदांपुढे ठेवत आहोत.

हा विषय निघाला तो आपल्याच कट्ट्यावर. आपले काही ज्येष्ठ सभासद आयपीसीएलमध्ये नोकरीला होते आणि त्यांच्या गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी पॉलिथिलीनवर येऊन थांबतात. पिशवीचे पॉलिथिलीन साधारण ११० अंश सेल्सिअसला वितळते, बादलीचे किंवा पाइपाचे १३० अंशांच्या पुढे. दोन्हींत तेच कार्बन आणि तेच हायड्रोजन. मग हा फरक का? उत्तरात गिब्ज हे नाव आले आणि लक्षात आले की या माणसाविषयी आपल्याला जवळजवळ काहीच ठाऊक नाही.

गिब्ज यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी न्यू हेवन इथे झाला. वडिलांचे नावही जोसिआ विलर्ड गिब्ज. ते येल इथे धर्मग्रंथांच्या भाषांचे प्राध्यापक होते. या वडिलांची एक हकिकत सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाववत नाही, कारण भाषेवर प्रेम करणाऱ्या कोणालाही ती आवडेल. मुलगा काही महिन्यांचा असताना, १८३९ च्या ऑगस्टमध्ये, आमिस्ताद नावाचे जहाज पकडले गेले. त्यावरच्या आफ्रिकी माणसांनी गुलामीविरुद्ध उठाव करून जहाज ताब्यात घेतले होते. त्यांना न्यू हेवनच्या तुरुंगात ठेवले. त्यांची भाषा कोणालाच येत नव्हती, त्यामुळे त्यांची बाजू मांडणार कोण? थोरले गिब्ज तुरुंगात गेले, बोटे दाखवत दाखवत त्यांच्याकडून एक ते दहा अंक शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर जाऊन जहाजाजहाजांपाशी ते अंक मोठ्याने म्हणत हिंडले. शेवटी जेम्स कोव्ही नावाच्या एका तरुण खलाशाने ते ओळखले. ती मेंडे भाषा होती आणि ती कोव्हीची मातृभाषा. दुभाषा मिळाला, खटला उभा राहिला आणि १८४१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या माणसांना मुक्त केले.

अशा बापाचा हा एकुलता मुलगा, चार बहिणींमधला. लहानपणी लाल ताप झाला आणि प्रकृती कायमची नाजूक राहिली. पंधराव्या वर्षी येलमध्ये प्रवेश, १८५८ मध्ये पदवी, लॅटिन आणि गणित दोन्हींत बक्षिसे. आई १८५५ मध्ये गेली, वडील १८६१ मध्ये. १८६३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकेत अभियांत्रिकीची पहिली डॉक्टरेट ती हीच, असे मानतात. विषय होता दातेरी चाकांच्या दात्यांचा आकार. दाता कसा वळवला म्हणजे एक चाक दुसऱ्याला अडखळल्यावाचून फिरवील, हा त्यातला प्रश्न. आकाराकडे पाहण्याची ही नजर पुढे त्यांच्या सगळ्याच कामात दिसते. १८६६ मध्ये रेल्वेच्या डब्यांसाठी एका ब्रेकचे पेटंटही त्यांनी घेतले. मधली तीन वर्षे येलमध्ये ते शिकवत होते. त्यांतली दोन वर्षे त्यांनी काय शिकवले असेल? लॅटिन.

१८६६ मध्ये अ‍ॅना आणि जुलिया या दोन बहिणींसह ते युरोपला गेले. एक हिवाळा पॅरिसला, एक वर्ष बर्लिनला, एक हायडलबर्गला. तिथे त्यांनी व्याख्याने ऐकली, पुस्तके वाचली, टिपणे काढली आणि १८६९ मध्ये घरी परतले. त्यानंतर आयुष्यभर ते न्यू हेवनबाहेर फारसे गेलेच नाहीत. राहायचे ते हाय स्ट्रीटवरच्या वडिलांच्या घरात. बहीण जुलिया, तिचे यजमान अ‍ॅडिसन व्हॅन नेम (ते येलचे ग्रंथपाल आणि गिब्ज यांचे वर्गमित्र), त्यांची मुले, दुसरी बहीण अ‍ॅना, असे ते एकत्र कुटुंब होते. गिब्ज यांनी लग्न केले नाही.

१८७१ मध्ये येलने त्यांना गणिती भौतिकीचे प्राध्यापक नेमले. नेमणूक झाली, पण पगार नव्हता. घरी वडिलार्जित थोडे होते, त्यावर भागत असे. अशी नऊ वर्षे गेली. आपल्याकडे मंडळाच्या वर्गांत विनामूल्य शिकवणारे पुष्कळ आहेत, पण विद्यापीठातला प्राध्यापक नऊ वर्षे बिनपगारी ही गोष्ट आम्हाला अजून पचलेली नाही. त्यांनी स्वतः त्याविषयी तक्रार केल्याचे दिसत नाही.

पहिले दोन लेख त्यांनी १८७३ मध्ये, चौतिसाव्या वर्षी छापले. उष्णता, दाब, आकारमान, ऊर्जा ही गणिते आकृत्यांनी आणि पृष्ठभागांनी कशी दाखवावीत, हा त्यांचा विषय. ते छापून आले कुठे, तर कनेक्टिकट अ‍ॅकॅडमीच्या अंकात. ही अ‍ॅकॅडमी १७९९ मध्ये स्थापन झालेली, त्या प्रांतातल्या विद्याप्रेमी लोकांची संस्था होती. तिचा अंक त्या प्रांताबाहेर फारसा वाचला जात नसे. पण गिब्ज यांना एक चांगली सवय होती. लेखाच्या सुट्या प्रती काढून, नावांची यादी करून, जगभरच्या जाणकारांना ते पोस्टाने पाठवत. त्यातली एक प्रत केंब्रिजला जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांच्याकडे पोहोचली. मॅक्सवेल म्हणजे त्या काळचे पहिल्या रांगेतले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी गिब्ज यांच्या कल्पनेप्रमाणे पाण्यासारख्या एका पदार्थाचा ऊर्जेचा पृष्ठभाग स्वतःच्या हातांनी घडवला, त्याचे प्लास्टरचे साचे काढले आणि एक साचा न्यू हेवनला पाठवून दिला. वर्गात कोणी त्याविषयी विचारलेच तर युरोपातल्या एका मित्राने पाठवला, यापलीकडे गिब्ज काही सांगत नसत, असे म्हणतात.

मग आला तो मोठा लेख. त्याचा पहिला भाग १८७५-७६ मध्ये छापला गेला, दुसरा १८७७-७८ मध्ये. (कवळाण्याहून येऊन सयाजीराव महाराज बडोद्याला दत्तक झाले ते १८७५ मध्ये. तारखा अशा शेजारी ठेवल्या की काळ जवळचा वाटतो.) विषमांगी पदार्थांचा समतोल हा विषय, सुमारे तीनशे पाने आणि सातशे समीकरणे. एवढी गणिती जुळणी म्हणजे छापखान्याचा खर्च भरमसाट. अ‍ॅकॅडमीची तिजोरी त्याला पुरणारी नव्हती. तेव्हा येलच्या प्राध्यापकांकडून आणि न्यू हेवनच्या व्यापाऱ्यांकडून वर्गणी काढली गेली. लेख छापायचा की नाही हे ठरवणाऱ्यांनाही तो समजत नव्हता. ते गिब्ज यांना ओळखत होते, एवढ्यावर त्यांनी होकार दिला. त्या व्यापाऱ्यांनी आपल्या दुकानात बसून तो अंक उघडला असेल तेव्हा त्यांना काय वाटले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

या लेखात पुष्कळ काही आहे. बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र किती प्रकारे नांदू शकतात याचा हिशेब मांडणारा त्यांचा प्रावस्था नियम आज रसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावा लागतो. आम्ही मात्र इथे दुसऱ्या भागातल्या पृष्ठभागाच्या विचाराकडेच वळतो, कारण आपल्या कट्ट्यावरच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे.

स्फटिकाच्या पोटातल्या कणाला चारी बाजूंनी शेजारी असतात. कडेच्या कणाला एका बाजूचे शेजारीच नाहीत. त्यामुळे पृष्ठभाग म्हणजे स्फटिकावरचा एक जादा खर्च. तुकडा मोठा असेल तर हा खर्च एकूण हिशेबात दिसतही नाही. तुकडा बारीक होत गेला की पोट कमी आणि कडा जास्त, म्हणून खर्च डोईजड होतो आणि तो तुकडा कमी तापमानालाच वितळायला तयार होतो. सराफाकडे सोने १०६४ अंशांना वितळते, पण दोन-तीन नॅनोमीटरच्या सुवर्णकणाला त्याहून शेकडो अंश कमी उष्णता पुरते. एक नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

वक्रतेचा संबंध इथे येतो. गोल कणाच्या पृष्ठभागावरून थोडा पदार्थ वितळून गेला की कण लहान होतो आणि त्याबरोबर पृष्ठभागही घटतो, म्हणजे खर्च वाचतो. कण जितका लहान तितकी त्याची वक्रता तीव्र आणि तितकी ही बचत मोठी. म्हणून बाहेर फुगलेले टोक आधी वितळते आणि आत वळलेला खळगा उशिरा. फ्रीजरमधले आइस्क्रीम काही आठवड्यांनी कचकच लागते, त्याच्या मुळाशी हेच आहे. फ्रीजर थोडा गरम-गार होत राहतो, बारीक बर्फकण आधी वितळतात आणि ते पाणी मोठ्या कणांवर जाऊन गोठते. मोठे आणखी मोठे होतात.

या नियमाला आज गिब्ज-थॉमसन असे जोडनाव आहे. यातले थॉमसन कोणते, यावर अजूनही घोळ आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी थेंबाच्या वक्रतेचा वाफेच्या दाबावर काय परिणाम होतो हे १८७१ मध्ये मांडले होते. इलेक्ट्रॉनवाले जे. जे. थॉमसन यांनीही १८८८ च्या आपल्या पुस्तकात या विषयाला हात घातला. दोघांचे एकमेकांशी काही नाते नाही. आपल्याकडे एकाच वाड्यात तीन कुलकर्णी असले की पोस्टमनची होते तशीच ही गंमत.

आता पॉलिथिलीन. गिब्ज यांनी तो लेख लिहिला तेव्हा हा पदार्थ जन्मालाही आला नव्हता. त्याचा रेणू म्हणजे हजारो कार्बन एकामागोमाग ओवलेली लांबच लांब साखळी. १९५७ मध्ये अँड्र्यू केलर, टिल आणि फिशर या तिघांनी वेगवेगळे काम करताना एकच गोष्ट पाहिली. या साखळ्यांचे स्फटिक पापुद्र्यासारखे पातळ असतात, दहा-वीस नॅनोमीटर जाडीचे, आणि साखळ्या जाडीच्या दिशेने उभ्या असतात. साखळी तर त्याच्या शंभरपट लांब. मग ती मावते कशी? नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशी ती पुनःपुन्हा मागे दुमडलेली असते. पापुद्र्याचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग म्हणजे या दुमडींच्या ओळी. वळताना साखळीला त्रास होतो, म्हणून हे दोन पृष्ठभाग फार खर्चिक असतात आणि बाजूची कड त्यामानाने कितीतरी स्वस्त.

इथे एक चकवा आहे. पापुद्र्याचे वरचे-खालचे पृष्ठभाग सपाट असतील तर त्यांची वक्रता शून्य. मग वक्रतेच्या नियमाने हा स्फटिक लवकर का वितळावा? आमचाही सुरुवातीला इथेच गोंधळ उडाला. उत्तर असे की पापुद्रा वरून झिजत नाही, कडेने झिजतो. पोळीचा तुकडा कडेने मोडला की त्याबरोबर पोळीची वरची बाजूही जाते आणि खालचीही. पापुद्र्याचेही तसेच, एवढासा पदार्थ वितळला की दोन्ही महाग पृष्ठभाग एकदम कमी होतात. पापुद्रा जितका पातळ, तितक्याच वितळलेल्या पदार्थामागे सुटणारा पृष्ठभाग जास्त. गिब्ज यांचा मुद्दा केवळ गोलाईचा नव्हताच. पदार्थाचा अंश गेला तर पृष्ठभागाचा खर्च किती वाचतो, हा खरा प्रश्न. गोलात त्याचे उत्तर वक्रतेतून मिळते आणि पापुद्र्यात जाडीतून.

आकडे घालून पाहिले. कितीही जाड अशा आदर्श पॉलिथिलीन स्फटिकाचे वितळण्याचे तापमान सुमारे १४१ अंश सेल्सिअस धरतात. वीस नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यासाठी हिशेब सुमारे १२८ अंशांवर येतो आणि दहा नॅनोमीटरसाठी सुमारे ११५ अंशांवर. कारखान्यात काम केलेल्या सभासदांना हे आकडे ओळखीचे वाटतील. पिशवीच्या पॉलिथिलीनमध्ये साखळीला जागोजागी फांद्या असतात. त्या फांद्या स्फटिकात बसत नाहीत, त्यामुळे सरळ पल्ला आखूड पडतो आणि पापुद्रे पातळच राहतात. बादलीच्या पॉलिथिलीनमध्ये फांद्या फार थोड्या, म्हणून पापुद्रे जाड. कट्ट्यावरच्या प्रश्नाचे हे उत्तर.

मग हे स्फटिक दुमडून पातळ का राहतात, सरळ आणि जाड का होत नाहीत? खर्चाच्या दृष्टीने जाड होणेच फायद्याचे आहे. पण गार होताना घाई असते आणि पातळ पापुद्रा चटकन वाढतो. गिब्ज यांनी आपल्या लेखात सामान्य स्फटिकांविषयीही हा भेद केला होता. अगदी लहान स्फटिक कमीत कमी पृष्ठखर्चाचा आकार घेऊ शकतो, पण मोठ्या स्फटिकाचा आकार तो कसा वाढत गेला यावर ठरतो. म्हणूनच पॉलिथिलीन वितळण्याच्या जरा खाली तापवून ठेवले तर पापुद्रे हळूहळू जाड होतात आणि पुढच्या खेपेस जास्त तापमानाला वितळतात.

पुन्हा न्यू हेवनकडे. त्या मोठ्या लेखाचे पुढे काय झाले? बराच काळ काहीच नाही. मॅक्सवेल यांनी त्याचे महत्त्व ओळखून इतरांना सांगायला सुरुवात केली होती, पण १८७९ मध्ये ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षीच वारले. गिब्ज यांचे लिखाणही सोपे नव्हते. उदाहरणे कमी आणि वाक्ये घट्ट. वाचकाला ते हात देत नाहीत, हा दोष आम्हाला मान्य करावाच लागतो. १८८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना वर्षाला ३००० डॉलर देऊ केले. तेव्हा येलला जाग आली आणि २००० डॉलर पगार ठरला. सहकाऱ्यांनी राहण्याचा आग्रह केला. गिब्ज हजार डॉलर सोडून न्यू हेवनलाच राहिले.

१८९२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी त्या लेखाचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला आणि १८९९ मध्ये ल शातेलिए यांनी एका भागाचा फ्रेंच. तेव्हा कुठे युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांना कळले की आपण प्रयोगशाळेत धडपडून जे शोधत होतो त्यातले पुष्कळसे वीस वर्षांपूर्वीच कागदावर मांडलेले होते. काहींनी तर तेच नियम पुन्हा नव्याने शोधण्यात उमेदीची वर्षे घालवली होती.

आपल्या मुलामुलींच्या अकरावीच्या पुस्तकातही गिब्ज आहेत. सदिशांचा टिंबाचा गुणाकार आणि फुलीचा गुणाकार ही मांडणी त्यांनी विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या टिपणांतून रुळली. त्यांच्या व्याख्यानांवर आधारलेले त्यांचे विद्यार्थी एडविन विल्सन यांचे पुस्तक १९०१ मध्ये निघाले. वर्गात मुले मात्र थोडीच असत.

घरात ते मोकळे आणि मदतीला तत्पर होते. बहिणींना घोडागाडीतून फिरवून आणत. जेवणात सॅलड कालवण्याचे काम हक्काने स्वतःकडे घेत, कारण विषमांगी मिश्रणांचा घरातला तज्ज्ञ तोच, अशी थट्टा कुटुंबात चाले. लहानपणी ते ज्या हॉपकिन्स शाळेत शिकले तिचे विश्वस्त आणि खजिनदार म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे हिशेब सांभाळले. पोस्टाच्या यादीत शेकडो नावे झाली होती. प्रती स्वखर्चाने जात राहिल्या.

१९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले, त्या काळच्या विज्ञानातला मोठा मान. पुढच्याच वर्षी सांख्यिकीय यामिकीवरचे त्यांचे पुस्तक आले. २८ एप्रिल १९०३ रोजी, चौसष्टाव्या वर्षी, न्यू हेवनमध्येच त्यांचे निधन झाले. तिथल्याच ग्रोव्ह स्ट्रीटच्या दफनभूमीत त्यांना ठेवले आहे.

मॅक्सवेल यांनी पाठवलेला प्लास्टरचा साचा येलमध्ये जपून ठेवला आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने गिब्ज यांच्यावर ३७ सेंटचे तिकीट काढले. त्यावर त्यांच्या चेहऱ्याबरोबर त्या पृष्ठभागाची आकृतीही आहे.